फारशी चालवलेली नाही

जर्मनीत जुन्या सायकलींच्या जाहिराती वाचायची खोड लागली की दोन शब्द आपोआप पाठ होतात. 'काउम गेफारेन'. फारशी चालवलेली नाही. विकणारा हे छाती फुगवून लिहितो आणि घेणारा वाचून हरखतो. मोटारीचं एक वेळ समजू शकतं, तिचं इंजिन कमी झिजलेलं असतं. रेसिंग सायकलचं इंजिन म्हणजे मालकाचे पाय. ती पस्तीस वर्षांत फारशी चालली नसेल, तर नेमकं झिजायचं वाचलं काय?

गेल्या ऑक्टोबरात अशाच एका जाहिरातीमागे मी त्सुफेनहाउझेनला गेलो. सायकल पाहिली, हाताळली, पैसे खिशात होते, विकणारा भला माणूस होता, आणि तरीही रिकाम्या हातांनी परत आलो. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि हा तोंड धुवायला गेला, असं तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळींत माझ्याबद्दल बोललं जातं. बोलोत बापडे. घेतली नाही ते बरोबरच केलं, असं माझं म्हणणं आहे.

सायकल कोणती होती ते सांगितल्याशिवाय वेडेपणाचं माप कळायचं नाही. कोलनागो होती. मिलानजवळच्या काम्बियागो गावात एर्नेस्तो कोलनागोने १९५४ मध्ये छोटं दुकान थाटलं, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत या नावाला शर्यतीच्या जगात वजन आलं. आपल्याकडे सतारीच्या बाबतीत मिरजेला आहे तसं. एडी मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते कोलनागोने बांधून दिलेल्या पावणेसहा किलोच्या सायकलवर. जुझेप्पे सारोन्नी १९८२ मध्ये जगज्जेता झाला तोही याच घरच्या सायकलवर. तिच्या लाल रंगाला शौकीन आजही 'सारोन्नी लाल' म्हणतात. नळीवर खूण असते किलवरच्या एक्क्याची. १९७० मध्ये मिकेले दान्चेल्लीने मिलान-सान रेमो शर्यत जिंकली, त्यानंतर ती खूण आली आणि राहिली. पुढे १९८३ च्या सुमारास 'मास्टर' नावाची पोलादी फ्रेम निघाली. तिच्या नळ्या नुसत्या गोल नाहीत, लांबीभर खोबणी पाडलेल्या. आडवा छेद घेतला तर चांदणी दिसावी अशा. जाहिरातीतली सायकल मास्टर होती, लाल, १९८८ ची. किंमत बाराशे युरो आणि पुढे 'फाउ बे' ही दोन अक्षरं, म्हणजे घासाघीस चालेल.

पुण्यात वाढलेल्या माणसाला या किलवरचं वेड कुठून लागलं, हा प्रश्न रास्त आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीमुळे. बोरघाट सगळ्यांत आधी चढणारा 'घाटाचा राजा', आणि शर्यत कोण जिंकलं यापेक्षा घाटाचा राजा कोण झाला याची आम्हा पोरांना जास्त उत्सुकता. खडकीजवळ रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभं राहायचं. सायकली आल्या आल्या म्हणेपर्यंत निघूनही जायच्या. डोळ्यांत राहायची ती मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली हँडलं आणि बोटभर जाडीचे टायर. एका वर्षी त्यांतली एक सायकल लाल होती. शेजारच्या काकांनी माहिती पुरवली, 'इटलीची आहे. तुझ्या बापाच्या वर्षाच्या पगारात यायची नाही.' काकांचा आकडा बरोबर होता की नाही देव जाणे, पण ते गणित माझ्या डोक्यात तसंच अर्धवट राहिलं.

आमच्या घरची सायकल म्हणजे वडिलांची काळी अ‍ॅटलस, २४ इंची. मी तिच्यावर शिकलो ते हाफ पॅडल. ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी: सीटवर बसायचंच नाही, कारण बसलं तर पाय पोचत नाहीत. डावा हात हँडलला, उजवी बगल सीटवर, उजवा पाय दांडीखालच्या त्रिकोणातून पलीकडच्या पॅडलवर, आणि अख्खी सायकल एका अंगाला कलती. पॅडल पुरतं फिरत नाही, अर्ध्यावरून मागे घ्यायचं, म्हणून हाफ. सायकल आपल्या मापाची असावी ही कल्पनाच तेव्हा नव्हती; आपण सायकलच्या मापाचे होईपर्यंत कळ काढायची. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला. बातमी वाचली तेव्हा मी इथे घरात कोंडलेला होतो, आणि खरं सांगायचं तर उजव्या बगलेत काहीतरी दुखलं.

असो. त्सुफेनहाउझेन हे श्टुटगार्टचं उत्तरेकडचं उपनगर, १९३१ पर्यंत वेगळं गाव. जग त्याला पोर्शेमुळे ओळखतं. फेर्डिनांड पोर्शेचं डिझाइन ऑफिस श्टुटगार्टात निघालं तेही १९३१ मध्येच, १९३८ ला ते त्सुफेनहाउझेनला आलं, आणि युद्धाची पडझड ओसरल्यावर १९५० पासून पोर्शेच्या गाड्या इथे बनायला लागल्या. २००९ मध्ये उघडलेलं त्यांचं पांढरं म्युझियम जमिनीवरून उचलून धरल्यासारखं उभं आहे. पुण्याहून नवा कोणी नोकरीवर आला की पहिल्या-दुसऱ्या रविवारी त्याला तिथे न्यायचा आमच्यात रिवाज आहे. लाल गाडीसमोर उभं राहून फोटो काढायचा, तो गावी पाठवायचा, आणि 'ही माझी नाही' असं खाली लिहायचं विसरायचं.

सायकलवाल्यांसाठी हे शहर तसं अवघड. मधलं शहर २४५ मीटर उंचीवर कढईच्या तळाशी, आणि कडेच्या टेकड्या पाचशे मीटरच्या आसपास. मारिएनप्लात्झहून डेगरलोखला दातेरी रुळांवरून चढणारी गाडी १८८४ पासून आहे, आणि तिला आता सायकली ठेवायला वेगळी उघडी गाडी जोडतात. त्सुफेनहाउझेनपासून काही किलोमीटरवर, कानश्टाटला, डाइम्लर आणि मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी दुचाकीवर इंजिन बसवलं. इथले चढ बघितले की त्यांना ते का सुचलं ते कळतं.

विकणाऱ्याचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर. तिमजली, जिन्यात नुकत्या पुसलेल्या फरशीचा वास. जिना पुसायच्या पाळ्या असतात इथे, आणि त्या आठवड्याची पाटी त्याच गृहस्थाच्या दाराला लटकत होती. सत्तरीचा माणूस. 'ग्र्युस गॉट' म्हणाला, हात मिळवला आणि थेट तळघरात घेऊन गेला. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात लाकडी फळ्यांनी आखलेली एक खोली मिळते. बटाटे, जॅमच्या बरण्या, स्कीइंगचे बूट, मुलांच्या पाळण्याचे सुटे भाग, आणि प्रत्येकाची एखादी अर्धी राहिलेली हौस.

सायकल छताच्या दोन आकड्यांना टांगलेली होती, वर फुलाफुलांची जुनी चादर. चादर ओढली आणि मी दोन क्षण काहीच बोललो नाही. रंग शाबूत. सांध्यांवरची बारीक सोनेरी रेघसुद्धा शाबूत. गिअरचे दोन खटके हँडलवर नाहीत, खालच्या नळीवर, हात सोडून खाली न्यावा लागेल असे. किलवरवर अंगठा फिरवला. मग भानावर आलो आणि पुण्यात शिकलो तसं तपासायला लागलो: चाक आउट आहे का, तारा सारख्या ताणलेल्या आहेत का, एक्सलमध्ये छर्रे वाजतात का. मागचं चाक हाताने फिरवलं तर फ्रीव्हील असं स्वच्छ टिकटिकायला लागलं की तळघरात कुणी घड्याळाला चावी दिल्यासारखं वाटलं.

त्याने फाइलमधून बिल काढलं. अशा सायकलीला बिल पाहिजेच. चोरीची वस्तू तुम्ही निर्मळ मनाने, पूर्ण पैसे मोजून घेतलीत तरी जर्मन कायद्याने ती तुमची होत नाही. मूळ मालक उद्या येऊन घेऊन जाऊ शकतो. बिल होतं दोन हजार आठशे मार्कांचं. मार्क गेला आणि युरो आला तो १.९५५८३ मार्कांना एक या दराने. म्हणजे चौदाशे तीस युरो. आणि हा आज मागतोय बाराशे. महागाई धरली तर जवळजवळ ओटीत घालत होता.

'किती चालवलीत?' मी विचारलं.

'तीन उन्हाळे. आल्प्स ओलांडून गार्डा सरोवरापर्यंत जायचं होतं. त्यासाठीच घेतली.'

'मग?'

'मग मुलगी झाली. मग शिफ्ट बदलली. मग गुडघा.'

मी पुण्याचा हे कळल्यावर तो खुलला. १९९५ मध्ये मर्सिडीजची जुळणी पिंपरीत टेल्कोच्या आवारात सुरू होत होती, तेव्हा यंत्रं लावायला काही आठवडे तिथे होता म्हणे. 'सकाळी गेटपाशी सायकली बघितल्या. तेवढ्या सायकली मी जन्मात एका जागी बघितल्या नव्हत्या. एकही चांगली नव्हती.' थोडं थांबून म्हणाला, 'सगळ्या चालत होत्या.'

हे त्याने सहज म्हटलं. चादरीची घडी घालता घालता.

आता मापाचं. माझी उंची पाच फूट सहा इंच. फ्रेमचं माप काढायचा इथला ठोकताळा असा: पायाची आतल्या बाजूची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यायची आणि ०.६६ ने गुणायचं. माझे येतात साडेएक्कावन्न. ही फ्रेम होती अठ्ठावन्न. हे जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं; प्रेमात पडलेला मुलगा पत्रिकेतला मंगळ वाचतो तसं. 'सीट खाली घेऊन बघू,' तो म्हणाला. अ‍ॅलन की लावली, बोल्ट मुकाट सुटला, पण सीटची दांडी हलेना. त्याने पिळून पाहिलं, मी पिळून पाहिलं, दोघांनी मिळून पिळलं. दांडी जागची हलली नाही.

ही भानगड नेहमीची आहे. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनियमची दांडी. वर्षानुवर्षं तशीच राहिली की जरा दमटपणा मिळताच दोन धातूंची झटापट सुरू होते, अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड फुगतो आणि दोन्ही नळ्या एकजीव होतात. टाळायचा उपाय अगदी साधा: वर्षातून एकदा दांडी बाहेर काढायची, पुसायची, ग्रीस लावून परत घालायची. आमच्या पेठेतले सायकलवाले या सगळ्या प्रकाराला 'ओव्हरऑइलिंग' म्हणायचे. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, आणि तरी आजही मला आमच्याच शब्दात अर्थ जास्त वाटतो. एकदा दांडी अडकली की मग अमोनिया घाला, फ्रेम तापवा, दांडी व्हाइसमध्ये धरून अख्खी फ्रेम गरागरा फिरवा, आणि तेवढ्यानेही नाही झालं तर आतून हॅक्सॉने चिरत बसा. इकडे टायरला अंगठ्याने दाबलं तर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. ब्रेकच्या लिव्हरवरचं रबर चिकट होऊन बोटांना लागत होतं. बेअरिंगमधल्या ग्रीसचं मेण झालं असणार. फारशी चालवलेली नाही, म्हणून हे सगळं झालेलं. सायकल वापरून मरते त्यापेक्षा टांगून लवकर मरते.

दांडी खाली येत नाही म्हणजे मी त्या सीटवर बसलो असतो तर पायाची बोटंसुद्धा पॅडलला लागली नसती. चाळीस वर्षांनी, इटलीची सायकल घेऊन, मला पुन्हा हाफ पॅडल मारावं लागलं असतं. श्टुटगार्टच्या रस्त्यावर, हेल्मेट घालून. बरं, दांडी निघालीही असती असं समजू. तरी सीट खाली गेल्याने फ्रेम लहान होत नाही. वरची नळी जिथे असायची तिथेच असते, आणि सिग्नलला दोन्ही पाय टेकायचे म्हटलं तर ती कुठे लागते हे सभ्य मासिकात लिहिता येत नाही.

माझा चेहरा बघून त्याने स्वतःच हजार म्हटलं. मी जरा बाहेर जाऊन नाशिकच्या एका मित्राला फोन लावला. त्याला सायकलीतलं कळतं. त्याने माप विचारलं नाही, दांडीचं ऐकून घेतलं नाही. म्हणाला, 'हजारात मास्टर? घेऊन ठेव! दोन वर्षांनी दीडपटीत जाईल.'

घेऊन ठेव. खरं तर माझा निर्णय या क्रियापदाने केला. मराठीत घेणं वेगळं आणि घेऊन ठेवणं वेगळं. भाजी घेतात, चपला घेतात. तांदूळ घेऊन ठेवतात, सोनं घेऊन ठेवतात, पिरंगुटला प्लॉट घेऊन ठेवतात. घेतलेली वस्तू वापरायची असते, घेऊन ठेवलेली वस्तू वाट बघते. सायकल कोणत्या रकान्यात बसते याबद्दल माझ्या वडिलांना कधी शंका पडली नव्हती. आम्हाला पडायला लागली आहे.

आणि त्सुफेनहाउझेनमध्ये उभं राहून या रकान्यांचा घोळ होणं फार सोपं. आजवर बनवलेल्या गाड्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अजून रस्त्यावर धावण्याजोग्या आहेत असं पोर्शे अभिमानाने सांगते. पण जुन्या पोर्शेच्या बाजारात सगळ्यांत जास्त भाव कुणाला? जिचा किलोमीटरचा आकडा सगळ्यांत लहान तिला. गाडी बांधणाऱ्याने जीव ओतला तिच्या वेगात, आणि घेणारा पैसे मोजतो ती हलली नाही याचे. ज्याला परवडतं त्याने खुशाल करावं. मोटार निदान स्वतःचं इंजिन घेऊन येते. मालक बसून राहिला तरी तिचं घोडं कधीतरी दामटता येतं. सायकलचं तसं नाही. न चालवलेल्या सायकलीत मालकाचा एक बेत आकड्याला टांगलेला असतो, आणि 'फारशी चालवलेली नाही' म्हणून आपण जास्तीचे पैसे देतो ते त्या बेताचे. पुढचा मालक तोच बेत दुसऱ्या तळघरात नेऊन टांगतो. मी गार्डाला जाणार होतो का? मी गेल्या वर्षी सायकलवरून सलग जास्तीत जास्त गेलो ते लुडविग्सबुर्गपर्यंत, आणि येताना लोकल धरली.

हा रोग एकट्या जर्मनीचा नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्याकडे सायकलींवर कशा उड्या पडल्या होत्या ते आठवून पाहा. दुकानांत माल नाही, महिना महिना थांबा, एकवीस गिअर, डिस्क ब्रेक. आज पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला साखळदंडाने बांधलेल्या त्या सायकली मोजा. टायर बसलेले, सीटवर कबुतरांची नक्षी, आणि विकायला काढली की पहिलं वाक्य तेच: फारशी वापरलेली नाही. त्याच पार्किंगमध्ये वॉचमनची एक सायकल असते. मडगार्ड तारेने बांधलेलं, चेन काळीकुट्ट, आणि मागचं चाक डोळ्यांना दिसेल इतकं आउट. ती रोज कात्रजहून येते. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दोन वर्षांत गेल्या. वॉचमनच्या सायकलीला या सगळ्याची खबरही नाही.

यावर कुणी म्हणेल, हा माणूस द्राक्षं आंबट म्हणतोय. भारी सायकलीच याच्या डोळ्यांत खुपतात. तसं नाही. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पुरी केली, ते काही वडिलांच्या अ‍ॅटलसवर नव्हे. चांगल्या हत्याराला चांगलाच भाव द्यावा. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो आमच्या घरातूनच आला. बायको म्हणाली, 'अरे, हॉलमध्ये भिंतीवर लावली असतीस. दिसायला सुंदर तर होती ना?' होती. भिंतीवर लावायला हरकत नाही. मग तिला चित्र म्हणावं, तिच्यावर दिवा सोडावा, आणि रविवारी सकाळी तिच्याकडे बघून अपराधी वाटून घेऊ नये. मला ते जमलं नसतं. आमच्याकडे पेटी आहे, दुर्बीण आहे, जर्मन व्याकरणाचे तीन भाग आहेत. अपराधी वाटायला लावणाऱ्या वस्तूंसाठी भिंत शिल्लक नाही.

मी आत जाऊन त्याला नाही म्हटलं. दांडीचं कारण सांगितलं नाही. ते भाव पाडायला सांगितल्यासारखं झालं असतं. म्हटलं, 'माझ्या मापाची नाही. आणि मी ती टांगूनच ठेवीन.' तो रागावला नाही. उलट जरा सुटल्यासारखा दिसला, असं मला वाटलं. पण न घेणाऱ्याला असं वाटणं सोयीचंही असतं. त्याने चादर पुन्हा पसरली, जिन्यापर्यंत सोडायला आला, आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, 'आज शनिवार. मला फुटपाथही झाडायचाय.'

माझी रोजची सायकल सात गिअरची आहे, आतल्या हबचे. एका विद्यार्थ्याकडून एकशेवीस युरोंना घेतली, तिच्या जाहिरातीत लिहिलं होतं: रोज चालवली, गाव सोडतोय म्हणून देतोय. कॅरिअर वाकडा आहे, घंटी अर्धी वाजते, आणि मागच्या ब्रेकची रबरं या महिन्यात बदलायला हवीत.

दहा दिवसांनी पुन्हा जाहिरात उघडली. सायकल गेलेली नव्हती. किंमत नऊशे झाली होती. 'फारशी चालवलेली नाही' हे वाक्य त्याने काढून टाकलं होतं आणि त्या जागी लिहिलं होतं: सीटची दांडी अडकली आहे, टायर नवे लागतील, घेणारा उंच आणि चालवणारा हवा. श्टुटगार्टच्या आसपास कुणी सहा फुटी मराठी माणूस हे वाचत असेल, तर जाऊन बघावी. शनिवारी जाऊ नका, तो झाडत असतो.